जंतू बाळाच्या आतड्याला चिकटूच नयेत म्हणून

ई. कोलाय हा जंतू पोटात गेला की लगेच जुलाब होतात असं नाही. आधी त्याला आतड्याच्या पेशीवर ठाण मांडावं लागतं. जागा मिळाली नाही तर तो शीबरोबर वाहून जातो. तान्ह्या बाळांना छळणारा त्याचा एक प्रकार, ईपेक, आधी तंतूंनी पेशी धरतो. मग सुईसारख्या नळीतून आपलंच एक प्रथिन पेशीत टोचतो आणि त्यालाच घट्ट बिलगतो. दार बाळाचं, कडी जंतूची. पेशीवरची बारीक केसांसारखी मखमल झडते, शोषण बिघडतं आणि पातळ जुलाब लागतात.

आईच्या दुधात बाळाला न पचणाऱ्या साखरेच्या साखळ्या असतात. त्या पेशीवरच्या साखरेसारख्या दिसतात, म्हणून कित्येक जंतू फसून त्यांनाच धरतात आणि बाहेर पडतात. चिकात जंतूंना अडवणारी आयजीए प्रतिपिंडं भरपूर असतात, तेव्हा चीक पिळून टाकू नका. जन्मल्यावर तासाभरात पाजा. सहा महिने वरचं पाणीही नको. बाळगुटी तर नकोच: ओली सहाण, उगाळणारी बोटं, वरून मध. वर्षाच्या आत मध धोक्याचाच.

आई उसाच्या फडात जाणार असेल तर दूध पिळून ठेवा, पण बाटलीत नाही. बुचाच्या खोबणीत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. काठ न दुमडलेली स्टीलची वाटी घ्या, दुमडीत दूध अडकतं. वाटी-चमचा आधी गार पाण्यानं विसळा, कारण गरम पाण्यानं दुधातली प्रथिनं भांड्यालाच बसतात. मग साबण. तारेची घासणी नको, तिचे ओरखडे जंतूंना आयते सापडतात. शेवटी बुडेल एवढ्या पाण्यात ठेवून, उकळी फुटल्यावर 5 मिनिटं उकळा. पदरानं पुसू नका, पालथी घालून वाळवा. पिळलेलं दूध 25 अंशांपर्यंत 4 तास चालतं. सांगलीच्या एप्रिलात तेवढाही भरवसा नको.

एवढं करूनही जुलाब लागले तर अंगावरचं दूध चालूच ठेवा. ओआरएसची मोठी पुडी 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम टाका. तांब्या लहान-मोठा असतो, म्हणून लिटरच्या बाटलीनंच मोजा. दाट झालं तर मीठ वाढतं आणि बाळाला बाधतं. दोन महिन्यांपुढच्या बाळाला दर पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्यानं. उरलेलं 24 तासांनी ओतून द्या. कृष्णेच्या पुरानंतर नळाचं पाणीही उकळूनच घ्या.

शीमध्ये रक्त, खोल गेलेले डोळे, सुस्ती, लघवी बंद, दूध ओढत नाही, किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं: घरी थांबू नका, 108 लावा.

आशाताईकडे झिंकच्या 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी, पुढे अख्खी, चमच्यात आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी 14 दिवस पुरे करा.