जुनं लष्करी बटण ओळखायचं कसं

चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांतलं काहीही लावू नका, ही पहिली विनंती. अधिकाऱ्यांच्या जुन्या बटणांवर सोन्याचा मुलामा असायचा. घासलं की खाचांमध्ये उरलेला तेवढाही जातो, आणि बटण शिपायाचं की साहेबाचं हे ठरवायला तोच उपयोगी पडतो. माती वाळू द्या, लाकडी काडीने हळू टोकरा, मऊ ब्रश फिरवा. बस.

मी पुण्याच्या कॅम्पात गणवेश शिवतो. बटण हातात आलं की आम्ही शिंपी आधी ते उलटं करतो, कारण टाका मागच्या कडीत बसतो. ओळखतानाही मागूनच सुरुवात करा. कडीभोवतीची बारीक अक्षरं बनवणाऱ्याची असतात: लंडनचे फर्मिन, बर्मिंगहॅमचे हॅमंड टर्नर, पुढच्या काळातले गॉन्ट. नावापुढे ‘लिमिटेड’ असेल तर बटण १८५५ च्या आधीचं नाही. मर्यादित जबाबदारीचा कायदाच तिकडे त्या वर्षी झाला. अक्षरं पुसट असतील तर अंधारात मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा. तेवढ्याने भागलं नाही तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा.

आता पुढची बाजू. जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात मला मिळालेलं बटण घेऊ: पितळी, मुलाम्याचा मागमूस नाही, आकडा ७८. विकणारा म्हणाला, असईच्या लढाईतलं आहे, म्हणजे १८०३ च्या मराठे-इंग्रज लढाईतलं.

ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर पलटणीचा आकडा घालायचा हुकूम १७६७ चा. शिपायांच्या बटणांवरून तो १८७१ मध्ये गेला आणि सगळ्यांना एकच राजचिन्हाचं बटण आलं. अधिकाऱ्यांकडे १८८१ पर्यंत टिकला. धातूने मुदत आणखी आवळता येते. शिपायाचं बटण १८५५ पर्यंत कथलाच्या मिश्रधातूचं, राखाडी आणि मऊ असे. पितळ त्यानंतर आलं. म्हणजे माझं बटण १८५५ ते १८७१ मधलं.

पण ७८ वी पलटण कुणाची? ईस्ट इंडिया कंपनीच्या देशी पलटणींचेही आकडे होते, पण १८५७ मध्ये बंगालच्या ७४, मद्रासच्या ५२ आणि मुंबईच्या तिशीच्या आत. ७८ कुठेच बसत नाही. १९०३ मध्ये हिंदी पलटणींना नवे आकडे मिळाले, तेव्हा काही वर्षं ७८ मोपला रायफल्स होती. पण वरच्या हिशोबाने तो काळ फार पुढचा. उरली ती गोरी ७८ वी, हायलँडर्स. स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेत १७९३ मध्ये उभी राहिलेली. ती १८०३ मध्ये असईला लढली हे खरंच, पण तेव्हाच्या शिपायाच्या अंगावर पितळी बटण असणं शक्य नाही. हीच पलटण १८५० च्या दशकात पुण्यात मुक्कामाला होती आणि १८५७ च्या सुरुवातीला इथूनच इराणच्या मोहिमेवर गेली. ही जुळणी मला पटते. ताडून पाहायचं असेल तर लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमचा संग्रह इंटरनेटवर आहे, आणि हायलँडर्सचं संग्रहालय इन्व्हर्नेसजवळ फोर्ट जॉर्जमध्ये.

आकडा नसेल तर मुकुट बघा. व्हिक्टोरियाच्या काळातला मुकुट वर मधोमध दबलेला, १९०१ पासून १९५२ पर्यंतचा घुमटासारखा गोल. मुकुट धरलेला सिंह दिसला तर तो ईस्ट इंडिया कंपनीचा.

बटण कुणाच्या कोटाचं होतं हे त्यावरून कधीच कळत नाही. कुठे सापडलं हे मात्र तुम्हालाच माहीत असतं, म्हणून ते त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून बटणासोबत ठेवा: गाव, गट नंबर, किती खोल, शेजारी काय होतं. संरक्षित किल्ल्यावर दिसलं तर उचलू नका. फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.