कार्ब की इंजेक्शन? आउटबोर्डचं पेट्रोल मोजायला शिकणाऱ्यांसाठी

आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाच्या, कामात नवीन आलात की कोणीतरी छातीठोकपणे सांगणारच, इंजेक्शनवालं घ्या, पेट्रोल निम्म्यावर येतं. मी अशावेळी एवढंच विचारतो, आधीचं टू स्ट्रोक होतं का? बहुतेक वेळा हो म्हणतात आणि खरी मेख तिथेच असते. कार्बवाल्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या, टू स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येत असताना एक्झॉस्ट पोर्टही (धूर बाहेर जायचं भोक) उघडाच असतो, त्यामुळे पाव हिश्श्याच्या आसपास पेट्रोल न जळताच बाहेर पडू शकतं, आणि हळू चालवताना तर बघायलाच नको. १९९६ ला मर्क्युरीचं ऑप्टिमॅक्स आलं, नंतर एविनरूडचं ई-टेक, ते टू स्ट्रोकच होते पण पोर्ट बंद होता होता पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारायचे, म्हणून बचत एवढी दिसली.

फोर स्ट्रोक कार्ब आणि फोर स्ट्रोक इंजेक्शन शेजारी ठेवले तर मात्र फरक बराच कमी. फुल थ्रॉटलला दोघंही मिश्रण रिचच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, ठेवतात, मग वाचणार काय? इंजेक्शन जिंकतं ते आयडलला, ट्रोलिंगला (गळ ओढत हळू चालवताना), थंड इंजिन सुरू करताना आणि मधल्या आरपीएमला, कारण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, हवेचा दाब, तापमान बघून पेट्रोल देतो, कार्बला जेटचं भोक जेवढं तेवढंच कळतं. त्यातून एकापेक्षा जास्त कार्ब असतील आणि त्यांचं सिंक, म्हणजे सगळ्यांचं एकसारखं उघडणं, बिघडलेलं असेल तर तुलना करूच नका, आधी कार्ब साफ करा, सिंक करा.

आता मोजायचं कसं, कारण इथेच नवीन पोरं गडबडतात. ताशी लिटर हा आकडा एकटा काही कामाचा नाही. समजा बोट ८ नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) तासाला १२ लिटर पितेय आणि २० नॉटला २० लिटर, तर पहिल्यात मैलाला दीड लिटर गेलं आणि दुसऱ्यात एकच, म्हणजे नाक वर करून पाणी ढकलत जाणारी बोटच जास्त खाते. म्हणून लिटर भागिले सागरी मैल, स्पीड जीपीएसचा, आणि जाऊन-येऊन दोन्ही बाजूंनी, नाहीतर प्रवाह तुम्हाला फसवतो. फ्लो मीटर नसेल तर सुटी टाकी आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा, पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, तीन किलो कमी झालं म्हणजे चार लिटर गेलं. टाकीच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, बोट हलली की तोही हलतो.

प्रॉप (पाण्यातला पंखा), ट्रिम (इंजिनाचा कल), बोटीतली माणसं आणि सामान दोन्ही वेळा तेच पाहिजे. चुकीच्या पिचचा (एका फेऱ्यात पुढे सरकायच्या अंतराचा) प्रॉप लावलात तर इंजेक्शनने वाचवलेलं सगळं तिथेच जातं, आणि गिऱ्हाईक येऊन शिव्या इंजिनला देतं. तेव्हा कोणी जास्त पितं म्हणून इंजिन घेऊन आलं की कार्ब खोलायच्या आधी फुल थ्रॉटलला आरपीएम कंपनीने दिलेल्या रेंजमध्ये जातो का ते बघा.