केरी ते चोर्ला घाट सायकलने: चढ जमतो, उतार शिकावा लागतो

चोर्ला घाट सायकलने करायचा म्हटलं की प्रत्येकजण एकच विचारतो, "चढ झेपेल ना?" उताराबद्दल कुणी विचारत नाही. गोव्यातल्या डिचोलीहून सुटून हा घाट मी अनेक हिवाळे केला आहे, आणि घाबरवणारं जे काही घडलं ते खाली येतानाच. म्हणून चढाबद्दल थोडक्यात सांगते, उताराबद्दल सविस्तर.

जायचं ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर सत्तरी तालुक्यातला पाऊस काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, शिवाय घाटात दरडी येतात. मार्चपासून ऊन सोसत नाही. अंधार सरता सरता साखळी शहरातून निघा आणि उन्हं चढायच्या आत माथा गाठा.

मोबाइलच्या नकाशावर नुसतं 'केरी' टाकून निघू नका. गोव्यात केरी नावाची तीन गावं आहेत: पेडण्यातलं, फोंड्यातलं आणि आपल्याला हवं ते सत्तरीतलं. सुर्ल्याचंही तसंच. डिचोली तालुक्यात एक सुर्ल, मोल्याकडे महादेवाच्या कदंबकालीन देवळाचं तांबडी सुर्ल, आणि घाटमाथ्यावरचं सत्तरीतलं सुर्ल. आपल्याला हे शेवटचं लागतं. बाहेरून आलेला एक गट घाटातल्या सुर्ल्याला निघून तांबडी सुर्ल्याच्या देवळापाशी पोचला होता. देऊळ सुंदर आहे, पण त्यांचा दिवस गेला. म्हणून साखळी, पर्ये, केरी, अंजुणे धरण, घाट हा क्रम पाठ करूनच निघा.

साखळी ते केरी दहाएक किलोमीटर, अंग मोकळं करायला पुरेसे. भाजीपाव खायचा तर तो साखळीतच खा. घाटात पोटात काही नसलं की पाय लवकर बसतात. दोन बाटल्या पाणी, दोन ट्यूब आणि हवेचा पंप बरोबर असेलच.

चढाचं एवढंच: गिअरचं पुढे लहान दातेरी चाक, मागे सर्वांत मोठं, आणि बोलता येईल इतक्याच जोरावर पाय फिरवत राहा. पहिली दोन वळणं जो जोरात घेतो तो पुढे उभा राहून धापा टाकतो. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे, तेव्हा घाई करून काही मिळत नाही. रस्त्याच्या आजूबाजूचं रान म्हादई अभयारण्याचं आहे. १९९९ साली जाहीर झालेलं, २०८ चौरस किलोमीटरचं. पहाटे गवा रस्त्यावर दिसला तर थांबा. घंटी वाजवू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका, तो वाट सोडेपर्यंत उभे राहा. माकडांना खायला घालू नका. रस्त्यावर खाणं मिळायची सवय लागली की ती गाड्यांखाली मरतात.

वर सुर्ल्याच्या बाजूला जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं कातळ पठार, पसरला आहे. सप्टेंबर सरताना पावसाने उघडीप दिली तर तिथे सीतेची आसवं, गेंद आणि किडे पकडणारे गवती दवबिंदू पाहायला मिळतात. सायकल रस्त्याकडेला लावून पायीच जा. टायरच्या एका रेघेखाली किती रोपं चिरडतात ते वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता उतार.

माझ्या पहिल्या वेळी वरून निघताना सगळ्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: "पुढचा ब्रेक लावू नकोस, तोंडावर आपटशील" आणि "सबंध घाट ब्रेक हलके धरून ठेव". मी दोन्ही ऐकल्या. चौथ्या की पाचव्या वळणाला, झाडीच्या सावलीत ओली पानं पडली होती तिथे, मागचं चाक घसरलं आणि मी कोपरावर पडले. समोरून त्या क्षणी गाडी येत नव्हती म्हणून आज हे लिहिते आहे. या दोन्ही सल्ल्यांचा मला अजून राग येतो, कारण ते प्रेमाने दिले जातात आणि माणसं पाडतात.

पहिला सल्ला का चुकीचा? सायकलचा वेग कमी होताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. हलक्या चाकाचा ब्रेक जोरात दाबला की ते अडकून घसरतं. थांबवायचं खरं काम पुढचा ब्रेकच करतो. नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला साधारण दुप्पट अंतर लागतं. तोंडावर आपटायचं भय खरं आहे, पण ते ब्रेक एकदम आवळल्याने येतं, क्रमाने दाबत नेल्याने नाही. दाबताना नितंब मागे सरकवा, कोपरं सैल ठेवा. पर्ये आणि केरीच्या मधे सपाट, मोकळा पट्टा पाहून एखाद्या दगडाची खूण धरा, तीसच्या वेगाने या आणि त्या खुणेपासून किती अंतरात थांबता ते दहा वेळा करून बघा. हे न करता घाट उतरू नका. मी कुणालाही बरोबर नेताना आधी हे करून घेते, आणि कंटाळा करणाऱ्याला खालीच ठेवते.

दुसरा सल्ला त्याहून वाईट. सायकलसकट ८५ किलो वजन ६०० मीटर खाली आणायचं म्हणजे सुमारे पाच लाख जूल ऊर्जा कुठेतरी घालवायची. तेवढ्यात दीड लिटर पाणी उकळेल. सतत हलका ब्रेक धरलात तर यातली बरीचशी उष्णता रिमवर (चाकाच्या धातूच्या कड्यावर) नाहीतर ब्रेकच्या डिस्कवर जाते आणि तिला थंड व्हायला सवडच मिळत नाही. ब्रेकचे पॅड गुळगुळीत होतात, ब्रेक पकडेनासा होतो, रिम तापून ट्यूबही फुटू शकते. म्हणून उलट करा. सरळ भागात छाती उंच करून बसा, वाऱ्याला ते काम करू द्या. वळणाआधी ब्रेक थोडा वेळ पण नीट दाबा आणि वळणात शिरण्याआधी सोडा. तासाला तीसच्या वर जायची गरज मला आजही वाटत नाही.

सोडा म्हणजे पूर्ण सोडा. टायरची पकड ठरावीक असते, ती वळायला वापरा नाहीतर थांबायला. वळणात दोन्ही एकदम मागितलं की ती सुटते, माझं तसंच झालं होतं. वळताना बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, त्यावर वजन, आणि नजर वळण जिथे संपतं तिथे. खड्ड्याकडे बघितलंत की खड्ड्यातच जाल. हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, ठेवा. तिथून ब्रेकवर जास्त जोर येतो आणि बोटं दुखत नाहीत.

डावीकडची घट्ट वळणं सर्वांत घातक. आपण आतल्या बाजूने असतो, वेग जरा जास्त झाला की सायकल मध्यरेषेकडे सरकते, आणि नेमकी वर येणारी बस किंवा ट्रक वळण घेण्यासाठी आख्खा रस्ता व्यापते. तिथे चालायच्या वेगाने उतरा. उजवीकडच्या वळणाला रेषा कापून आत जायचा मोह होतो, तो टाळा. कानात गाणी नकोत. हॉर्न आधी ऐकू येतो, गाडी नंतर दिसते. सावलीतला रस्ता नऊ वाजेपर्यंत ओला असतो. काठावर शेवाळ, वाहून आलेली खडी, आणि रंगवलेले पांढरे पट्टे ओले झाले की साबणासारखे. रिम ब्रेक असतील तर ओल्यात चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या फक्त पाणी पुसण्यात जातात, तेवढं आधीच दाबा. धुकं असलं तर पुढचा आणि मागचा दिवा लावा, आणि समोरचं वळण दिसत नसेल तर उतरून चाला. मी दोनदा चालले आहे.

मधे दोन ठिकाणी तरी थांबा. बोटं उघडमीट करा, रिम किंवा डिस्कजवळ हात नेऊन धग पाहा, बोट लावू नका. जास्त तापलं असेल तर दहा मिनिटं तिथेच बसा.

केरीत पोचल्यावर चहा सांगून मी आधी पुढच्या चाकाजवळ खाली बसते. पॅडमध्ये अडकलेले खडीचे कण टाचणीने काढते, झीज बघते, टायरवरून अंगठा फिरवून चीर आहे का तपासते. पॅडवरची खाच दिसेनाशी झाली असेल तर पुढच्या खेपेआधी बदलते.