गचपणातल्या मरळीसाठी हेवी रॉड घेताय? या चुका टाळा

इंदूर जिल्ह्यात देपालपूर रस्त्याला लागून असलेलं शिंगाड्याचं तळं, दिवाळीच्या आधीचा आठवडा, सकाळचे साडेसात. मासे पकडायच्या नव्या रॉडची पिशवी मी मोटरसायकलच्या सीटवर घडी करून ठेवली आणि रबरी बेडूक, म्हणजे माशाला फसवायचं हूक लावलेलं खोटं आमिष, वेलींमधल्या एका चिंचोळ्या फटीवर टाकला. तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं. बेडूक दिसेनासा झाला आणि मी जिवाच्या आकांताने रॉड मागे ओढला. तो शेंड्यापासून पार मुठीपर्यंत वाकला. वाकला आणि वाकतच राहिला. तेवढ्यात मरळ वेलीखाली शिरली, लाइनने दोन-तीन देठांना वेढे घेतले आणि मग सगळं ढिलं. ट्यूबवर बसून शिंगाडे तोडणारा तळ्याचा मालक हे सगळं बघत होता. म्हणाला, "भिया, ये डंडी तो हाथ जोड़ री है!"

रॉडवर सोनेरी अक्षरांत 'हेवी' छापलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. मीच लेबल अर्धं वाचलं होतं. त्यानंतर चार रॉड झाले, त्यातला एक मोडला, एक विकला. पैसे गेले ते गेले, निदान तुमचे तरी वाचावेत.

आधी तळं बघा, मग मासा

मोठ्या माशाला मोठा रॉड, हा पहिला गैरसमज. आपल्या भागातली मरळ, म्हणजे तळ्यावरचे लोक जिला सौल नाहीतर सांवल म्हणतात ती, बहुतेकदा एक-दोन किलोची. मोकळ्या पाण्यात ती मीडियम रॉडवरही निमूट येते. गचपणात मात्र माशाबरोबर त्याच्या अंगावरचा ओला पसाराही ओढावा लागतो. शिंगाड्याच्या वेली, जलकुंभी (म्हणजे जलपर्णी), कमळाचे देठ, काठाला बेशरमाची झुडपं. काठावर आलेली जलकुंभीची एक जुडी मुळांसकट हातात उचलून बघा, पाणी प्यालेल्या मुळांचं वजन काय असतं ते मनगटाला कळेल. मासा दीड किलोचा आणि पसारा तीन-चार किलोचा, असा हिशेब असतो. दांडा त्या पसाऱ्यासाठी घ्यायचा.

दुसरी गोष्ट जबड्याची. मरळीचं तोंड हाडाचं, दात भरपूर. बेडकाखालचे जाड, दुहेरी हूक त्या हाडात रुतायचे तर रॉडच्या मधल्या भागात दम हवा. तो नसेल तर हूक फक्त टेकतो आणि पहिल्या झटक्याला सुटतो. माझं त्या सकाळी नेमकं हेच झालं.

पॉवर आणि ॲक्शन यांची खिचडी

सगळ्यात जास्त पैसे या एका गोंधळात बुडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी, एक्स्ट्रा हेवी, अशी ती चढत जाते. ॲक्शन म्हणजे रॉड कुठे वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड वरच्या तिसऱ्या हिश्शात वाकतो आणि खाली ताठ उभा राहतो. मॉडरेट ॲक्शनचा मध्यापर्यंत किंवा त्याच्याही खाली वाकतो. माझा पहिला रॉड हेवी होता, पण मॉडरेट. मोठ्या, खोल जाणाऱ्या ल्यूरसाठी, म्हणजे खोट्या आमिषासाठी, तो चांगला, कारण तिथे दांड्याने थोडं 'द्यायला' हवं असतं. गचपणात मात्र तो जेवढा वेळ वाकतो तेवढ्यात मरळ वेलीच्या आत जाऊन बसते.

म्हणून लेबलवर दोन शब्द शोधा: हेवी आणि फास्ट. आणि एका कंपनीचा हेवी दुसऱ्या कंपनीच्या मीडियम हेवीइतकाच निघू शकतो, कारण या शब्दांना सगळ्यांसाठी एक असं माप ठरलेलं नाही. त्यामुळे लेबल वाचून झालं की हाताने बघायचं. मी खिशात मीटरभर नायलॉन आणि पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली घेऊन दुकानात जातो. लोक हसतात, हसू देत. बाटली शेंड्याला बांधायची, रॉड जमिनीशी साधारण पंचेचाळीस अंशात धरायचा आणि सावकाश उचलायचा. वरचा हिस्सा वाकून मधला भाग ताठ राहिला तर तो आपल्या कामाचा. मुठीपर्यंत कमान झाली तर नमस्कार करून परत द्यायचा. बाटली लटकवून रॉड सरळ आकाशाकडे उभा मात्र करू नका. तसा केलात तर दुकानातच शेंडा मोडेल आणि बिल तुमच्या नावे फाटेल.

जास्तीत जास्त जाड घेणं ही उलटी चूक

एकदा हात पोळला की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मी एक्स्ट्रा हेवी, पावणेआठ फुटी रॉड मागवला. तो खरोखर दणकट होता, पण बेडूक दहा पावलांवर पडायचा.

हे रॉड मुळात मरळीसाठी बनलेले नाहीत. ते अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास माशासाठी. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डी थॉमसने लांब दांड्याने, थोडीशीच लाइन बाहेर ठेवून, जिग (शिशाचं डोकं असलेला आमिषाचा हूक) थेट झुडपात उतरवण्याची पद्धत स्पर्धांमध्ये आणली. त्याचे दांडे इतके लांब की पुढे आठ फुटांची मर्यादा आली, आणि त्या पद्धतीला 'फ्लिपिंग' हे नाव पडलं. आज बाजारात 'फ्लिपिंग स्टिक' म्हणून जे साडेसात-आठ फुटी ताठ दांडे मिळतात ते याच घराण्यातले. होडीतून, जवळच्या जवळ, जड जिग उभा खाली सोडायला ते बनलेत. आपण काठावर उभे राहून पंधरा-वीस मीटरवर रबरी बेडूक टाकतो. काम वेगळं, म्हणून दांडाही वेगळा हवा. 'फ्रॉग रॉड' म्हणून जो मिळतो त्याचा बुंधा हेवीच असतो, पण शेंड्यात किंचित जीव असतो. त्या जिवावर बेडूक फेकला जातो आणि एका जागी डावी-उजवीकडे डोलतो.

मुठीच्या वर बारीक अक्षरांत ल्यूरचं वजन लिहिलेलं असतं ते इथे कामाला येतं. पोकळ रबरी बेडूक साधारण १४ ते १८ ग्रॅमचा असतो. रॉडवर २८ ते ११२ ग्रॅम लिहिलं असेल तर त्याला तुमचा बेडूक हातात आहे की नाही हेही कळणार नाही. १० किंवा १४ ग्रॅमपासून सुरू होऊन ४०-५० ग्रॅमपर्यंत जाणारा रॉड बघा. आपल्याकडे विकले जाणारे लहान, ८-१० ग्रॅमचे बेडूक वापरत असाल तर सरळ मीडियम हेवी, फास्ट घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

लांबी, मूठ, तोल

सात फूट ते सात फूट तीन इंच. बस. उंच बांधावरून टाकत असाल तर साडेसात चालेल. पाण्याच्या पातळीवर उभं राहून, पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाने (म्हणजे मी) साडेसात फुटी रॉड खाली झुकवला की शेंडा पाण्यात शिरतो. शिवाय डोक्यावर बाभळीची फांदी असतेच.

मूठ कोपरापर्यंत पोचावी, म्हणजे दोन्ही हातांनी ओढता येतं. रॉड विकत घेण्याआधी त्यावर रीळ चढवून बघा, आणि रिळाच्या किंचित पुढे एका बोटावर तोलून बघा. शेंडा एकदम खाली कलंडत असेल तर तासाभरात मनगट भरून येतं, कारण बेडूक सतत नाचवायचा असतो.

घडीचा, म्हणजे टेलिस्कोपिक रॉड स्कूटरच्या डिकीत मावतो, हा त्याचा एकमेव गुण. त्याचे सांधे गचपणातली ओढ सोसत नाहीत. दोन तुकड्यांचा रॉड चालतो. सांधा किंचित पिळ देत घट्ट बसवा आणि दर अर्ध्या तासाने तपासा. सैल सांध्यावर जोरात ओढलं की तडा नेमका तिथेच जातो.

लाइन आणि कड्या (रॉडवरच्या, ज्यांतून लाइन जाते त्या): रॉडच्या बिलात न दिसणारा खर्च

हेवी रॉडवर नायलॉन चढवणं म्हणजे ट्रकला सायकलचे ब्रेक. नायलॉन ताणलं जातं, आणि वीस मीटरवर तो ताण तुमचा अर्धा झटका खाऊन टाकतो. वेणीची लाइन, म्हणजे ब्रेड, ५० ते ६५ पाउंडाची (तुटेपर्यंत एवढा भार सोसणारी) लावा. ती ताणत नाही आणि ओढ बसली की मऊ देठ करवतीसारखे कापत येते. एवढी जाड कशाला, मासा तर दोन किलोचा, असं विचारणारे भेटतात. एक तर देठ आणि बुंधे लाइनला घासतात. शिवाय बारीक ब्रेड रिळावर स्वतःच्याच वेढ्यांत रुतून बसते आणि पुढची फेक मध्येच अडते.

स्वस्त रॉडच्या कड्यांची आतली चकती बघा. कापसाचा बोळा किंवा कान साफ करायची काडी प्रत्येक कडीतून फिरवायची. तंतू अडकला तर तिथे चीर आहे, आणि तीच चीर महिन्याभरात तुमची महागडी ब्रेड कुरतडणार. शेंड्याची कडी आधी तपासा, सगळ्यात जास्त घासली जाते ती तीच.

रॉड बरोबर, तरी मासा सुटतो?

मरळ उसळते आणि बेडूक रिकामा परत येतो, ही तक्रार सगळ्यात जास्त. दहातल्या सात वेळा, हे माझं स्वतःचं गणित, चूक घाईची असते. उसळी दिसली की लगेच ओढू नका. एक श्वास घ्या, शेंडा खाली नेत लाइनमधला ढिलेपणा गुंडाळा, वजन हाताला लागू द्या, मग कंबरेतून ओढा. तरीही सुटत असेल तर हूकची टोकं पकडीने अगदी किंचित बाहेर वळवा. बेडूक हातात दाबून बघा, आत पाणी भरलं असेल तर तो दबत नाही आणि हूक उघडा पडत नाही.

झटका बसला, मासा लागला, पण ओढताना काहीतरी घसरतंय? ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घट्ट करूनही घसरत असेल तर रीळ उघडून बघा. नुसती ब्रेड स्पूलवर (रिळातल्या लाइनच्या फिरकीवर) गुंडाळलेली असेल तर अख्खा गुंडाळा स्पूलभोवती गरगर फिरतो. बाहेरून ते ड्रॅग घसरल्यासारखंच दिसतं. आधी सात-आठ मीटर नायलॉन गुंडाळा, त्यावर ब्रेड. मी या कारणासाठी एक रीळ दुरुस्तीला देऊन आलो होतो. दुरुस्ती करणाऱ्याने पैसे घेतले नाहीत, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

रॉड मासा लागल्यावर मोडला तर बहुतेक वेळा तो काठावर मोडतो, लढाईत नाही. मासा पायाशी आलेला, रॉड उभा, शेंडा मागे वळून तुमच्याकडे बघतोय, सगळा भार वरच्या वीतभर कार्बनवर. शेवटच्या दोन मीटरला रॉड आडवा करा, आणि मासा रॉडने उचलू नका. लाइन हाताशी आली की वाकून माशाला धरा, किंवा जाळं वापरा.

आणि वेलीत पक्कं अडकलं तर? इथे सगळे रॉडला हिसके देतात. हे तरफेचं साधं गणित आहे. दोन हातांत फूटभर अंतर, पुढे सहा फूट दांडा, म्हणजे शेंड्यावरच्या दोन किलोसाठी हाताला बाराएक किलो लावावे लागतात, आणि तरी लाइनवर ताण दोनच किलोचा. त्यापेक्षा रॉड सरळ अडकलेल्या जागेकडे रोखा, स्पूल अंगठ्याने दाबा आणि चार पावलं मागे चाला. सगळी ओढ थेट लाइनवर येते, दांडा मोकळा राहतो. मरळ आत असेल तर ती बरेचदा वेलीच्या गठ्ठ्यासकट घसरत येते. ब्रेड उघड्या हाताला गुंडाळू नका, ती कातडीत रुतते. जाड काडी किंवा हातमोजा घ्या. तळ्याच्या मालकाची परवानगी घेतलेली असावी, आणि त्याच्या वेलीचा गठ्ठा बाहेर आला तर तो परत पाण्यात सोडावा. पुढच्या वेळी तो ओळखतो.

१६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा गोळा पाण्यावर बुडबुडताना दिसला तर त्याखाली आई-बाप राखण करत असतात. तिथे बेडूक टाकला की ते हमखास धावून येतात, आणि म्हणूनच टाकायचा नाही. इंदूरजवळचे सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहेत. तिथे विचारल्याशिवाय गळ काढूच नका.

तो पहिला हेवी-मॉडरेट रॉड मी टाकला नाही. जड गोळा आणि कणकेचा लाडू लावून मोकळ्या पाण्यात रोहूवर वापरतो. तिथे त्याचं वाकणं कामाला येतं, नाजूक तोंडातला हूक फाटून निघत नाही. शिंगाड्याच्या तळ्यावर मात्र तो परत नेला नाही. मालक अजून विचारतो, "हाथ जोड़ने वाली डंडी कां गई?"