काड्यांच्या तक्त्यातून ‘३क्ष + १’पर्यंत: मुलांना बैजिक राशी कशी शिकवावी

सहावी-सातवीच्या मुलांसमोर ४, ७, १०, १३ अशा संख्या ठेवल्या की ‘दर वेळी तीन वाढतात’ हे उत्तर लगेच येतं. ते बरोबर आहे, पण अपुरं. शंभरावी संख्या विचारली की मुलं अडतात, आणि बैजिक राशीची, म्हणजे ‘३क्ष + १’सारख्या अक्षर आणि अंक मिळून केलेल्या मांडणीची, गरज त्यांना तिथेच पटते. म्हणून ‘चल’ (संख्येच्या जागी येणारं अक्षर) या शब्दाच्या व्याख्येआधी काड्या काढा.

१. मांडा आणि मोजा

चार काड्यांचा एक चौरस करा. त्याला चिकटून दुसरा, तिसरा असे चौरस एका रांगेत जोडत जा. तक्ता मुलांनाच भरू द्या.

चौरस – काड्या
१ – ४
२ – ७
३ – १०
१० – ?
१०० – ?

तीननंतर एकदम दहावर उडी मुद्दाम घेतली आहे. सगळ्या ओळी भरायला दिल्या, तर मुलं उजव्या रकान्यात वरून खाली तीन-तीन मिळवत जातात आणि डावीकडे बघतच नाहीत. आपल्याला हवं आहे ते डावीकडून उजवीकडे बघणं: ३ चौरसांवरून १० काड्या कशा मिळाल्या?

२. आधी शब्दांत सांगू द्या

इथे घाई नको. एखादी मुलगी म्हणेल, ‘पहिली उभी काडी एक, मग प्रत्येक चौरसाला तीन.’ दुसरा म्हणेल, ‘पहिल्याला चार, बाकीच्यांना तीन-तीन.’ तिसऱ्याला वरची रांग, खालची रांग आणि मधल्या उभ्या काड्या अशा वेगळ्या दिसतील. तिन्ही फळ्यावर लिहा. बरोबर कोणतं, हे इतक्यात सांगू नका.

दहा चौरसांना ३१ काड्या, म्हणून शंभरला ३१०, असंही कोणीतरी म्हणेलच. लगेच खोडू नका. दहा-दहा चौरसांच्या दहा पट्ट्या एकमेकींना जोडल्या, तर प्रत्येक जोडावर दोन काड्या एकावर एक येतात. जोड ९, म्हणून ३१० वजा ९, म्हणजे ३०१.

३. आता अक्षर आणा

चौरसांची संख्या ‘क्ष’ माना. मघाची वाक्यं अशी होतात:

१ + ३क्ष
४ + ३(क्ष − १)
क्ष + क्ष + (क्ष + १)

अक्षर कोणतंही चालतं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अज्ञात राशींना ‘यावत्तावत्’, ‘कालक’, ‘नीलक’ अशी नावं वापरली होती. मी मात्र सुरुवातीला ‘च’ टाळतो. ‘च म्हणजे चौरस’ असं मुलांच्या डोक्यात बसतं, आणि ३च म्हणजे ‘तीन चौरस’ होऊन जातं. अक्षर वस्तूचं नाही, संख्येचं आहे.

४. ताळा करा

तिन्ही राशींत क्ष = १० ठेवा. तिन्हींकडून ३१ येतील. मग कंस सोडवून तिन्ही ‘३क्ष + १’ होतात, हे मुलांनाच शोधू द्या. सहगुणक (क्षला गुणणारा) ३ आणि सुटा १ काड्यांमध्ये कुठे आहेत, ते बोटाने दाखवायला सांगा. हे न दाखवता आलेलं सूत्र बहुतेक वेळा पाठच केलेलं असतं.

५. उलटा प्रश्न विचारा

‘माझ्याकडे १०० काड्या आहेत, किती चौरस होतील?’ ३३, एकही काडी न उरता. मग ५० काड्या द्या. ३क्ष = ४९ येतं, क्ष पूर्ण संख्या निघत नाही आणि वर्गात कुजबुज सुरू होते. चौरस होतात १६, आणि एक काडी हातात उरते.