युरोपीय संघाच्या बजेटवर बोलताना या चुका टाळा

युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, जुलै २०२५ मध्ये २०२८ ते २०३४ साठी सुमारे २ लाख कोटी युरोंच्या बजेटचा प्रस्ताव मांडला. २०२१ ते २०२७ या सात वर्षांचा १.०७ लाख कोटींचा आकडा शेजारी ठेवला की खर्च जवळजवळ दुप्पट झाल्यासारखा वाटतो. पण जुना आकडा २०१८ च्या किमतींचा आहे, नवा चालू किमतींचा, म्हणजे महागाई धरून. चालू किमतींत जुनं बजेटही १.२ लाख कोटींच्या आसपास जातं. त्यापेक्षा सदस्य देशांच्या एकत्रित राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना करा: प्रस्ताव १.२६ टक्क्यांचा आहे आणि त्यातले ०.११ टक्के कोविडकाळातल्या कर्जाच्या फेडीत जातील.

सगळ्यात घातक चूक म्हणजे कोणी किती दिलं आणि किती परत मिळालं, एवढ्यावर बजेटमधली सुधारणा तोलणं. केंद्राच्या करवाट्यावरून महाराष्ट्रात हा वाद नेहमीचा, त्यामुळे आपल्याला तो चटकन पटतो. १९८४ मध्ये फ्रान्समधल्या फोंतेनब्लोच्या परिषदेत पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी ब्रिटनसाठी वर्गणीत सूट मिळवली. तेव्हा बहुतेक पैसा शेतीवर जाई आणि ब्रिटनच्या वाट्याला त्यातलं थोडंच येई. तक्रार खरी होती. पण ब्रिटन बाहेर पडल्यावरही जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि डेन्मार्कच्या सवलती चालूच राहिल्या. शिवाय हा हिशेबच अपुरा आहे. रॉटरडॅम बंदरातलं सीमाशुल्क नेदरलँड्सच्या नावावर दिसतं, माल मात्र पुढे जर्मनीतही जातो. पोलंडमध्ये संघाच्या पैशाने झालेल्या रस्त्याचा फायदा शेजाऱ्यांच्या कारखान्यांनाही होतो, तो कुठल्याच रकान्यात येत नाही.

याची किंमत सामाईक कामं मोजतात. जुलै २०२० मध्ये, ऐन साथीत, सरकारप्रमुखांनी आरोग्य कार्यक्रमाची प्रस्तावित ९.४ अब्ज युरोंची रक्कम १.७ अब्जांवर आणली. आरोग्यावरचा हा पैसा कोणत्याही एका देशाच्या नावावर पडत नव्हता, म्हणून तो कापणं सोपं गेलं. पुढे युरोपीय संसदेने झगडून ती रक्कम ५ अब्जांवर नेली. सामाईक कामांना पैसा मिळतो का, माझ्या मते सुधारणेची खरी कसोटी हीच आहे.

संघाला दिल्लीसारखं समजू नका. त्याला स्वतः कर बसवता येत नाही. बहुतेक पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात देशांकडून येतो. २०२१ पासून पुनर्वापर न झालेल्या प्लास्टिक वेष्टनावर किलोमागे ८० सेंट आकारले जातात, पण तेही सदस्य सरकारंच भरतात.

सुधारणा अडली की नेमकं कुठे, ते आधी बघा. वार्षिक बजेट बहुमताने होतं. सात वर्षांच्या आराखड्याला मात्र सत्तावीसही सरकारांचा होकार आणि संसदेची संमती लागते. उत्पन्नाचा नवा स्रोत हवा असेल तर सगळ्यांच्या एकमतानंतर प्रत्येक देशाची स्वतंत्र मंजुरीही हवी. डिसेंबर २०२० पूर्वी हंगेरी आणि पोलंड या दोघांनीच सात वर्षांचा आराखडा आणि कोविड मदतनिधीचं सगळं पॅकेज रोखून धरलं होतं. आराखडा वेळेत ठरला नाही तर शेवटच्या वर्षाच्या मर्यादा तशाच पुढे चालू राहतात, त्यामुळे ज्याला जुनीच वाटणी सोयीची आहे, त्याला घाई नसते.