पिस्तुलाला दोरी लावताय? या चुका टाळा

पिस्तुलाला लॅनयार्ड, म्हणजे ते पट्ट्याला बांधून ठेवणारी दोरी, लावावी का, हे मला विचारायला येणारे दोन प्रकारचे असतात. पहिले पोलिसासारख्या हत्याराच्या नोकरीतले. त्यांना ती लावावीच लागते आणि ते लोढणं कधी एकदा सुटतंय असं त्यांना झालेलं असतं. दुसरे नवे परवानाधारक. त्यांनी पुण्याच्या कॅम्पातल्या युनिफॉर्मच्या दुकानातून छान विणलेली दोरी आधीच आणलेली असते, माझ्याकडून फक्त 'हो' हवं असतं.

दोघांना माझं उत्तर एकच. पिस्तूल हातातून किंवा होल्स्टरमधून सुटलं तर ते हरवू नये, एवढंच दोरीचं काम. पळत्या घोड्यावरून पडलेलं रिव्हॉल्व्हर उचलायला कोण उतरणार, म्हणून घोडेस्वारांना ती लागायची. आज घोड्याऐवजी मोटरसायकल धरा, बोट धरा, नाहीतर विसर्जनाची गर्दी धरा. तुमच्या कामात यातलं काही असेल तर जरूर लावा. नसेल तर पैसे वाचवा. बाकी सगळा घोळ ती कशी लावतात यात आहे.

लांबी अंदाजाने ठरवणं

पिस्तूल रिकामं करा. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (गोळी बसते ती जागा) बघा, बोट घालून चाचपा. क्रम उलटा नको. आता दोन्ही हात पूर्ण ताणून निशाणा धरा. त्या स्थितीत दोरी साधारण वीतभर ढिली राहिली पाहिजे. त्याहून आखूड झाली तर ऐन वेळी हात मध्येच अडकतो. लांब झाली तर काय होतं, ते मी अलका चौकात पाहिलंय.

विसर्जनाची रात्र, लक्ष्मी रस्त्याकडून एकामागून एक मंडळं येतायत, ढोल-ताशांत शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. एक तरुण फौजदार घाईने जीपमधून उतरला. त्याची दोरी खांद्याच्या पट्टीखालून, बटणाला अडकवलेली आणि गुडघ्यापर्यंत लोंबणारी. हा खाली उतरला, दोरीचा फास दाराच्या आतल्या हँडलमध्ये राहिला आणि ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली. पोराने जीपवर थापा मारल्या, पण त्या गोंगाटात ऐकतो कोण! दोन-तीन पावलं तो फरफटला, मग खांद्याचं बटण तुटलं, होल्स्टरची झडपही उघडली. दोरीची गाठ हँडलमध्ये घट्ट रुतलेली. आता दोरीच्या एका टोकाला जीप आणि दुसऱ्या टोकाला भरलेलं पिस्तूल, दाराच्या पत्र्यावर ठणठण आपटतंय. मी मागून पळत जाऊन बॉनेटवर हात आपटला तेव्हा कुठे गाडी थांबली. तोवर पथकातला एक ढोलवाला दोन्ही हात पसरून लोकांना मागे रेटत उभा होता. पिस्तुलाला हात लावायचा नाही एवढी अक्कल त्याला होती.

दोरी खांद्याला बांधू नका, गळ्यात तर मुळीच नको. जुन्या फोटोंत साहेब लोकांच्या गळ्यात दिसते, छान दिसते, पण कोणी हिसका दिला की तोच तुमचा फास. दोरी कमरपट्ट्याला, होल्स्टरच्या मागच्या अंगाला बांधायची. उरलेली ढील लोंबू द्यायची नाही. मी होल्स्टरच्या मागे रुंद इलॅस्टिकची पट्टी शिवून घेतो आणि ढील घड्या घालून तिच्यात खोचतो. पिस्तूल उपसलं की घड्या आपोआप सुटतात. परत खोचताना मात्र वेळ लागतो आणि त्याचाच नव्या पोरांना कंटाळा. "सर, नुसती खिशात कोंबली तर?" कोंब बाबा, मग एक दिवस रुमाल काढताना काय बाहेर येतं ते बघ.

कडी नाही म्हणून ट्रिगर गार्डमधून दोरी

ट्रिगर गार्ड म्हणजे ट्रिगरभोवतीची कमान. ही चूक बघितली की माझा तोल जातो. दोरीची कडी मुठीच्या तळाशी असते आणि त्याला कारण आहे. आपल्या ईशापूर कारखान्याच्या ९ मिमी १ए पिस्तुलाला, म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवरच्या भावंडाला, मुठीच्या खालच्या टोकाला डावीकडे कडी आहे. बहुतेक ग्लॉकला कडी नसून मुठीच्या मागच्या तळाशी नुसतं एक भोक असतं. दोरी तिथे असली की पिस्तूल उलटं लोंबतं आणि ओढ ट्रिगरपासून लांब राहते.

मुळशीकडे फार्महाउस असलेले एक गृहस्थ .३२ चं रिव्हॉल्व्हर घेऊन आले होते. मुठीला कडी नव्हती, म्हणून यांनी दोरी ट्रिगर गार्डमधून ओवलेली. दोरी कसली, पायजम्याची नाडी! बॅगेत हात घातला आणि नाडीला धरूनच रिव्हॉल्व्हर वर खेचायला लागले. मी "थांबा" म्हणून ओरडलो ते बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेलं असेल. बॅग टेबलावर ठेवायला लावली, नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं, मग नाडी कापली आणि रिव्हॉल्व्हर उघडून बघितलं. सहाच्या सहा काडतुसं आत. गृहस्थ म्हणतात, "पण डबल अ‍ॅक्शनचा ट्रिगर जड असतो ना?" असतो, कारण घोडा मागे नेणं आणि सोडणं दोन्ही तोच करतो. पण भरलेलं रिव्हॉल्व्हर नाडीने उचललं की त्याचं सगळं वजन आणि तुमचा हिसका त्याच ट्रिगरवर येतो. जड आहे म्हणून चालतं, या हिशेबावर मी माझी मांडी पणाला लावणार नाही.

कडी नसेल तर दोरी लावायचीच नाही. चिकटपट्टी नको, मुठीचा स्क्रू काढून तिथे हुक बसवणं नको, जुगाड नको. चांगल्या आर्मररला, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला विचारा, तो 'होत नाही' म्हणाला तर विषय संपला.

याच चुकीचा धाकटा भाऊ म्हणजे पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालताना दोरीचा पदर आत जाणं. पदर ट्रिगरपाशी अडकला आणि वरून तुम्ही पिस्तूल दाबलं तर गोळी तुमच्याच पायाकडे जाणार. म्हणून पिस्तूल परत घालताना मी डाव्या हाताने दोरी बाजूला धरतो आणि होल्स्टरच्या तोंडाकडे बघतो. न बघता झटक्यात पिस्तूल आत टाकणं पडद्यावरच्या हिरोला शोभतं, त्याच्या काडतुसांत गोळी नसते.

पडणारं पिस्तूल झेलणं

झेलू नका. घाईत झेलायला गेलेलं बोट नेमकं ट्रिगरवर जातं. दोरी आहे ना? मग लोंबू दे. हेलकावे थांबले की मूठ धरून उचला.

दोरी आहे म्हणजे कोणी हिसकावणार नाही, असं समजणं

हिसकावणारा ते घेऊन पळू शकणार नाही एवढंच. पिस्तूल त्याच्या हातात, दुसरं टोक तुमच्या पट्ट्याला, आणि गोळीला दोरी नसते. हिसकावण्याची भीती असेल तर लॉकचं चांगलं होल्स्टर घ्या आणि त्याचा सराव करा. कॅश व्हॅनवरच्या गार्डना मी हेच सांगतो. ते मान डोलावतात आणि स्वस्तातलं कापडी होल्स्टर घेतात.

साध्या परवानाधारकाने हौसेने लावणं

२०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे. शर्टाखालून डोकावणारी विणलेली दोरी म्हणजे कमरेला काय आहे याची पाटीच. शहरात गाडीतून फिरणाऱ्याला दोरीचा उपयोग शून्य.

हिंजवडीतल्या एका साहेबांनी ऑफिसच्या आयकार्डचा पट्टा लावला होता. त्या पट्ट्याला गळा आवळू नये म्हणून मुद्दाम सुटणारी प्लास्टिकची चिमटी असते. म्हणजे हिसका बसला की सुटायचं, हेच तिचं काम!

रेंजवर दोरी

२०२४ ला स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकहून नेमबाजीचं कांस्यपदक आणलं, तेव्हापासून बालेवाडीच्या रेंजकडे येणारे पालक वाढलेत. त्यातले काही एअर पिस्तुलालाही 'सेफ्टीसाठी' दोरी विचारतात. तिथे दोरी नाही. स्पर्धेत पिस्तुलाच्या हातावर घड्याळसुद्धा चालत नाही. नेमबाजी चालू नसेल तेव्हा चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण), नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर. पोराला हे तीन आठवडे कंटाळवाणं वाटलं तर वाटू दे.

किरकोळ

टेलिफोनच्या वायरसारखी गुंडाळी असलेली दोरी ताणून सुटली तर पिस्तूल स्प्रिंगने तोंडाकडे आणते, त्यापेक्षा साधी बरी. हुक फिरकीचा घ्या, नाहीतर दोरीला पीळ बसतो. मॅगझिन बदलताना दोरी तळहात आणि मुठीच्या मधे येते, म्हणून दोरीसकट सराव करा. सुती दोरी पावसात भिजली की गाठ सुटत नाही, नायलॉनची असेल तर टोकं जाळून घ्या, नाहीतर ती उसवतात. महिन्यातून एकदा रिकामं पिस्तूल गादीवर सोडून हुक तपासा.

मी दोरी पावसाळ्याआधी आणि गणपतीनंतर बदलतो, खराब दिसो वा न दिसो. जुनी टाकताना मधोमध कापूनच टाकतो, नाहीतर कोणीतरी 'चांगली आहे की' म्हणून उचलतो आणि परत लावतो.